फ्रँचायझी घेताय? कंपनी विकली गेली तर काय, याचा हिशेब आधी मांडा

नांदेडच्या आयटीआय चौकात किंवा लातूरच्या औसा रोडवर तुम्ही गाळा पाहून ठेवला आहे. हातात दहा-पंधरा लाख आहेत, किंवा बँक देणार आहे. आइस्क्रीम, पिझ्झा, चहा, बालवाडी, सलून, रक्ततपासणीचे कलेक्शन सेंटर, यांपैकी कशाची तरी फ्रँचायझी घ्यायची आहे. कंपनीचा माणूस दोन उत्तरे पाठ करून येतो: फी किती आणि नफा किती. तिसरा प्रश्न तुम्हीच विचारायचा आहे. करार पाच-सात वर्षांचा आहे. तेवढ्यात कंपनी दुसऱ्याने विकत घेतली, तर माझ्या दुकानाचे काय?

असे वारंवार घडते. हॅवमोर आइस्क्रीम २०१७ मध्ये कोरियाच्या लोट्टे कंपनीने १,०२० कोटी रुपयांना घेतले. मुंबईची युरोकिड्स २०१९ मध्ये केकेआर या फंडाकडे गेली. आज तिची मूळ कंपनी लाइटहाउस लर्निंग या नावाने चालते. नवी मुंबईच्या थायरोकेअरमधला ६६.१ टक्के हिस्सा २०२१ मध्ये फार्मईझीच्या मूळ कंपनीने ४,५४६ कोटींना घेतला. सबवे २०२४ मध्ये अमेरिकेच्या रोर्क कॅपिटलची झाली. खरेदीदार कधी दुसरी कंपनी असते, कधी प्रायव्हेट इक्विटी फंड. असा फंड साधारण तीन ते सात वर्षांत आपला हिस्सा पुढे विकून बाहेर पडतो. म्हणजे तुमच्या एका कराराच्या मुदतीत मालक एकदा, क्वचित दोनदाही बदलू शकतो.

मालक बदलला म्हणजे नुकसानच होते असे नाही. चांगला मालक माल वेळेवर पोहोचवतो, जाहिरात वाढवतो. पण नव्या अटी तुमच्यावर किती लादता येतील, हे तुमच्या जुन्या करारात काय लिहिले आहे त्यावर ठरते. म्हणून सगळे प्रश्न सहीच्या आधी विचारा.

समोरचा माणूस खरा आहे का?

पहिली फसवणूक इथेच होते. डॉमिनोजची दुकाने भारतात ज्युबिलंट फूडवर्क्स स्वतः चालवते. महाराष्ट्रातली मॅकडोनाल्ड्सची दुकाने वेस्टलाइफ समूह चालवतो. या दोन्हींची फ्रँचायझी नांदेड-लातुरात कोणी देऊ केली, तर ती बनावट समजा आणि तिथेच थांबा.

अमूलच्या नावाने तर बनावट संकेतस्थळांचा सुळसुळाट झाला. प्रकरण २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात गेले. अमूलच्या साध्या आउटलेटसाठी कंपनीने जाहीर केलेला हिशेब असा: परत न मिळणारी ब्रँड सिक्युरिटी २५,००० रुपये, सजावट सुमारे १ लाख, उपकरणे सुमारे ७५,०००, एकूण दोन लाखांच्या आसपास. रॉयल्टी नाही. मार्जिन पिशवीच्या दुधावर २.५ टक्के, दुग्धजन्य पदार्थांवर सुमारे १० टक्के, आइस्क्रीमवर २० टक्के. यापेक्षा वेगळा आकडा सांगून कोणी खासगी खात्यात पैसे भरायला लावत असेल, तर एक रुपयाही देऊ नका.

इतर कोणत्याही ब्रँडसाठी घरबसल्या दोन तपासण्या करा.

पहिली, ट्रेडमार्क. आयपी इंडियाच्या संकेतस्थळावर शोध फुकट आहे. नाव नोंदलेले आहे की आक्षेपात अडकले आहे, आणि ते कोणाच्या नावावर आहे ते पाहा. करार एका कंपनीशी आणि ट्रेडमार्क संस्थापकाच्या किंवा भलत्याच कंपनीच्या नावावर असेल, तर त्या दोघांमधल्या परवान्याची प्रत मागा. ब्रँड एकाला आणि कंपनी दुसऱ्याला विकली गेली, तर तुम्ही मधल्या मध्ये अडकता.

दुसरी, केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाचे (एमसीए) पोर्टल. कंपनीची प्राथमिक माहिती आणि तिच्यावरचे कर्जबोजे फुकट दिसतात. ताळेबंद आणि भागधारकांचे तपशील पाहायला एका कंपनीमागे १०० रुपये लागतात. त्यात कोण्या फंडाचे नाव आहे का, आणि तो कोणत्या वर्षी आला, ते टिपून ठेवा. फंडाला येऊन चार-पाच वर्षे झाली असतील, तर विक्री जवळ आली असे धरून चाला. समोरची संस्था कंपनी नसून भागीदारी किंवा एका माणसाची फर्म असेल, तर तीन वर्षांची आयकर विवरणपत्रे मागा.

मास्टर फ्रँचायझीकडून, म्हणजे कंपनीकडून मोठ्या भागाचे हक्क घेऊन ते पुढे देणाऱ्याकडून, हक्क घेत असाल, तर त्याचा मूळ कंपनीशी असलेला करार कधी संपतो ते लेखी घ्या. २०१७ मध्ये मॅकडोनाल्ड्सने उत्तर आणि पूर्व भारतातल्या आपल्या भागीदाराचा १६९ दुकानांचा परवाना रद्द केला होता. वरचा करार तुटला की खालचे सगळे हलते.

विक्रीच्या तयारीत असलेली कंपनी अनेकदा छोट्या शहरांत धडाधड दुकाने उघडते, कारण दुकानांचा आकडा वाढला की किंमत वाढते. 'या महिन्यात फी निम्मी', 'मराठवाड्यात शेवटच्या दोन जागा' असे फोन येऊ लागले, तर घाई त्यांची आहे हे ओळखा. तुम्ही आपला वेळ घ्या.

दुकान उघडायला काय लागते

तुमची कागदपत्रे: पॅन, आधार, बारा महिन्यांचे बँक स्टेटमेंट, तीन वर्षांची विवरणपत्रे, भाडेकरार, वीजबिल, फोटो. कंपनीकडून मागायची: कराराचा मसुदा, तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद, मालाचे दरपत्रक, कामकाजाचे मॅन्युअल, मराठवाड्यात चालू असलेल्या फ्रँचायझींची यादी आणि गेल्या तीन वर्षांत बंद पडलेल्यांची यादी. ही शेवटची यादी सर्वांत मोलाची. बंद पडलेल्या दोघांशी फोनवर बोला. अमेरिकेत कंपनीने अशी माहिती सहीच्या किमान १४ दिवस आधी देणे बंधनकारक आहे. आपल्याकडे फ्रँचायझीचा वेगळा कायदा नाही, १८७२ च्या करार कायद्यावरच सगळे चालते. त्यामुळे न मागितलेली माहिती मिळत नाही.

सरकारी खर्च किरकोळ आहे, हे लक्षात ठेवा. जीएसटी नोंदणी: फी शून्य, आधार पडताळणी सुरळीत झाली तर साधारण आठवडा. उद्यम नोंदणी: शून्य, त्याच दिवशी. शॉप अॅक्ट: कामगार थोडेच असतील तर ऑनलाइन सूचना पुरते, फी नाममात्र. अन्नपदार्थ असतील तर एफएसएसएआयच्या फॉस्कॉस पोर्टलवर नोंदणी किंवा परवाना: धंद्याच्या आकाराप्रमाणे वर्षाला १०० रुपयांपासून काही हजारांपर्यंत. व्यवसाय कर: वर्षाला २,५०० रुपये. कलेक्शन सेंटरला जैववैद्यकीय कचऱ्याची व्यवस्था महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नियमांप्रमाणे लागते. एजंट या सगळ्याचे मिळून एक गोल आकडा सांगतो. त्याला सरकारी फी आणि त्याची मजुरी वेगळी लिहून द्यायला सांगा.

भाडेकरार लीव्ह अँड लायसन्सचा करा आणि नोंदवाच. महाराष्ट्रात ते सक्तीचे आहे. हिशेब असा. भाडे २५,००० रुपये, मुदत ३६ महिने, परत मिळणारे डिपॉझिट दीड लाख. एकूण भाडे ९ लाख, डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरून तीन वर्षांचे ४५,०००, बेरीज ९,४५,०००. त्याच्या ०.२५ टक्के म्हणजे सुमारे २,४०० रुपये मुद्रांक शुल्क. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. नांदेड आणि लातूर दोन्हीकडे महापालिका आहे, त्यामुळे हाच दर. 'पंधरा हजारांत करून देतो' म्हणणाऱ्याला हे आकडे दाखवा.

फ्रँचायझी करार पाच वर्षांचा आणि भाडेकरार तीनचा, असे करू नका. चौथ्या वर्षी जागामालक भाडे दुप्पट मागेल आणि कंपनी जागा बदलल्याचा दंड लावेल. दोन्हींची मुदत एकच ठेवा. लीव्ह अँड लायसन्स साठ महिन्यांपर्यंत करता येते.

ब्रोशरमध्ये न छापलेला खर्च

जीएसटी. फ्रँचायझी फी आणि रॉयल्टीवर १८ टक्के लागतो. पाच लाख फी म्हणजे प्रत्यक्षात ५ लाख ९० हजार. उपाहारगृहासाठी तुम्ही ५ टक्के दराने कर भरत असाल, तर या १८ टक्क्यांची वजावट मिळत नाही; तो थेट खर्च होतो. परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर जीएसटी नाही. डिपॉझिट म्हणवून त्यावर जीएसटी लावला असेल, तर ती रक्कम परत मिळणार नाही असे समजा.

भाड्यावरचा कर. जागामालक जीएसटी नोंदणीकृत नसेल आणि तुम्ही नियमित नोंदणीत असाल, तर ऑक्टोबर २०२४ पासून दुकानभाड्यावरचा १८ टक्के कर तुम्ही भरायचा आहे.

वाहतूक. मालाचा दर 'गोदामापासून' असतो, आणि ते गोदाम बहुधा भिवंडी किंवा पुण्याला असते. पुणे ते लातूर सव्वातीनशे किलोमीटरच्या पुढे, नांदेड त्याहून शंभरावर किलोमीटर लांब. नांदेडला हैदराबाद जवळ पडते, पण कंपनीचा प्रांत महाराष्ट्र असेल तर माल तिकडून मिळत नाही. शीतगाडी आठवड्यातून किती वेळा येते, किमान ऑर्डर किती, वाटेत माल वितळला किंवा खराब झाला तर नुकसान कोणाचे, हे लिहून घ्या. मे महिन्याच्या उन्हात हा खर्च मोठा असतो.

वीज आणि पाणी. थ्री-फेज व्यावसायिक मीटर, त्याची सुरक्षा ठेव, इन्व्हर्टर किंवा जनरेटर. लातुरात २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. टंचाईच्या वर्षी सलून, ज्यूस सेंटर, लॉन्ड्री यांना टँकर घ्यावाच लागतो. उन्हाळ्याचे चार महिने टँकरसाठी वेगळे पैसे काढून ठेवा.

पाटी. राज्यात दुकानाची पाटी मराठीत, देवनागरीत असणे २०२२ च्या दुरुस्तीनंतर लहान दुकानांनाही बंधनकारक आहे. मराठी अक्षरे इतर लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. कंपनी इंग्रजी पाटी पाठवते आणि मराठी पाटीचा खर्च तुमच्या माथी येतो. एकाच पाटीत दोन्ही बसवून कंपनीकडूनच मागा.

फर्निचर. कंपनीच्याच ठेकेदाराकडून करायची सक्ती असेल, तर स्थानिक सुताराचा आणि इलेक्ट्रिशियनचा लेखी अंदाज आधी घ्या. फरक मोठा असेल तर तिथे घासाघीस होते, फीमध्ये होत नाही.

हंगाम. लातूरच्या ट्यूशन एरियात मे महिन्यात नीट झाली की मुले गावी जातात, नव्या बॅचेस भरेपर्यंत गल्ला पडतो. नांदेडला गुरुद्वाऱ्याच्या परिसरात सणांना गर्दी असते, पण ती रोजची नसते. दहा महिन्यांच्या विक्रीवर बारा महिन्यांचे भाडे निघते का, तेवढे पाहा.

महिन्याचा ताळा

खालचे आकडे नमुन्याचे आहेत. तुमचे आकडे घालून हाच हिशेब वहीत मांडा.

कर वगळून महिन्याची विक्री ४ लाख. कच्चा माल ४५ टक्के, म्हणजे १,८०,०००. वाहतूक ८,०००. भाडे २५,००० आणि त्यावरचा कर, मिळून २९,५००. तीन माणसांचा पगार ४२,०००. वीज १८,०००. रॉयल्टी ६ टक्के आणि जीएसटी, २८,३२०. जाहिरात निधी २ टक्के आणि जीएसटी, ९,४४०. पाणी, पॅकिंग, दुरुस्ती १२,०००. घरपोच अॅपचे कमिशन १५,०००. एकूण खर्च ३,४२,२६०. उरले ५७,७४०. दहा लाखांच्या कर्जाचा, ११ टक्के दराने, पाच वर्षांचा हप्ता सुमारे २१,७४०. हातात ३६,०००. यात तुमच्या स्वतःच्या बारा तासांचा पगार धरलेला नाही.

आता मालक बदलला. रॉयल्टी ६ वरून ८ टक्के, म्हणजे ८,००० जास्त. नव्या सॉफ्टवेअरची फी ३,०००. या दोन्हींवर जीएसटी १,९८०. मालाचा दर ३ टक्क्यांनी वाढला, ५,४००. एकूण १८,३८०. हातात उरले १७,६२०, निम्म्याहून कमी. दुकान तेच, गिऱ्हाईक तेच, मेहनत तीच. त्यात चार लाखांचे 'नवे रूप' सक्तीचे केले, तर पाच वर्षांत वाटून महिन्याला आणखी ६,६०० च्या वर जातात.

हा दुसरा हिशेब करूनही दुकान तरत असेल, तरच पुढे जा.

करारात ही कलमे लिहून घ्या

बहुतेक मसुद्यांत एक वाक्य असते: कंपनी आपले हक्क कोणालाही हस्तांतरित करू शकेल, फ्रँचायझीधारक मात्र कंपनीच्या परवानगीशिवाय करू शकणार नाही. हे वाक्य काढून टाका म्हटले तर कंपनी ऐकणार नाही. त्याच्या खाली पुढच्या अटी जोडायला सांगा. त्यांतल्या तीन-चार तरी मान्य होतात.

एक, मालकी किंवा ब्रँड बदलणार असेल तर ९० दिवस आधी लेखी सूचना. दोन, मुदत संपेपर्यंत रॉयल्टी, जाहिरात निधी आणि सॉफ्टवेअर फी वाढणार नाही, किंवा वाढीला ठरलेली मर्यादा. तीन, कंपनीच्याच पुरवठादाराकडून माल घ्यायचा असेल तर दर बाजारभावापेक्षा अमुक टक्क्यांहून जास्त नसेल. चार, नूतनीकरण मुदतीत एकदाच, तेही ठरलेल्या रकमेपर्यंत. पाच, तुमचा भाग नकाशावर आणि पिनकोडने ठरवा, आणि त्यात ऑनलाइन विक्रीही धरा. नाहीतर नवा मालक समोर दुकान उघडणार नाही, पण अॅपवरून तुमच्याच गल्लीत माल विकेल. सहा, डिपॉझिट परत करण्याची जबाबदारी नव्या मालकावरही राहील. सात, नव्या अटी मान्य नसतील तर दंड न भरता बाहेर पडण्याची मुभा, आणि राहिलेला माल कंपनीने खरेदीच्या किमतीत परत घ्यायचा. आठ, वाद झाला तर सुनावणी नांदेड, लातूर किंवा फार तर छत्रपती संभाजीनगरला.

रॉयल्टी कशावर, हेही पाहा. ती जीएसटी वगळून, सवलत वजा करून, प्रत्यक्ष मिळालेल्या रकमेवर असावी. छापील किमतीवर असेल, तर कंपनीने जाहीर केलेल्या सवलतीवरही तुम्हीच रॉयल्टी भरता.

कोरे चेक देऊ नका. हमी म्हणून चेक द्यावाच लागला तर रक्कम आणि कारण लिहा, झेरॉक्सवर कंपनीची पोच घ्या, आणि मालक बदलला तर तो परत मिळेल असे करारात घाला. नव्या मालकाकडे फाइल जाते तेव्हा तुमचा चेकही त्यात जातो.

दुकान बंद झाल्यावर दोन-तीन वर्षे तोच धंदा करायचा नाही, असे कलमही असते. करार कायद्याच्या कलम २७ मुळे करार संपल्यानंतरची अशी बंदी सहसा टिकत नाही. करार चालू असतानाची बंदी मात्र टिकते. पारलेचे ब्रँड कोका-कोलाने घेतल्यानंतर गुजरात बॉटलिंग या कंपनीचा तिच्याशी वाद झाला, त्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये हेच सांगितले. त्यामुळे जुने दुकान चालू ठेवून भावाच्या नावाने दुसरे उघडण्याचा सल्ला कोणी दिला, तर ऐकू नका.

विक्रीची बातमी आली. पहिल्या महिन्यात काय कराल?

आधी विक्रीचा प्रकार विचारा. कंपनीचे शेअर विकले गेले असतील, तर तुमचा करार त्याच कंपनीशी जसाच्या तसा राहतो. तुमची संमती लागत नाही आणि नवी सहीही लागत नाही. धंदा किंवा ब्रँड दुसऱ्या कंपनीकडे गेला असेल, तर ती तुम्हाला नवा करार पाठवू शकते. जुन्याच्या जागी नवा करार तुमच्या संमतीशिवाय येत नाही. 'फक्त नाव बदललंय, सही करा' असे कोणी सांगितले, तर जुना आणि नवा मसुदा शेजारी ठेवून वकिलाकडून वाचून घ्या. त्यासाठी लेखी पत्राने पंधरा दिवस मागा.

त्याच आठवड्यात डिपॉझिटची शिल्लक, येणे-देणे आणि पडून असलेला माल याचे पत्रक तयार करा. जुन्या कंपनीकडून ते ईमेलवर मान्य करून घ्या. व्यवहार पूर्ण झाल्यावर जुनी माणसे फोन उचलत नाहीत. तोंडी मिळालेल्या सवलतीही याच पत्रकात लिहा. आणि एकटे राहू नका: परभणी, बीड, धाराशिव, हिंगोलीतल्या त्याच ब्रँडच्या दुकानदारांशी बोला, एकच पत्र सगळ्यांच्या सहीने पाठवा.

नवा मालक तुमचे दुकान स्वतःच विकत मागेल, असेही होते. पहिल्या आकड्याला होकार देऊ नका. फर्निचरची घसारा वजा किंमत, माल, डिपॉझिट, उरलेल्या मुदतीचा अपेक्षित नफा आणि जागेचा भाडेकरार, यांची वेगवेगळी किंमत सीएकडून काढून घ्या. कर किती लागेल ते सहीच्या आधी विचारा. विक्रीनंतर धंदा न करण्याची अट इथे टिकू शकते, कारण तुम्ही धंद्याचा नावलौकिक विकत आहात. तिची मुदत आणि परिसर मर्यादित ठेवा.

कंपनी बुडाली आणि दिवाळखोरीचे प्रकरण राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे (एनसीएलटी) गेले, तर वर्तमानपत्रात जाहीर सूचना येते. दावा दाखल करायला साधारण १४ दिवस दिलेले असतात, फी नाही. डिपॉझिटची पावती आणि करार जोडा. तारीख चुकवू नका.

कर्ज: कुठे, किती, काय टाळावे

मुद्रा कर्ज १० लाखांपर्यंत. मुद्राच्याच 'तरुण' गटातले आधीचे कर्ज फेडलेल्यांना २० लाखांपर्यंत. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात (पीएमईजीपी) सेवा व्यवसायाला २० लाखांपर्यंतचा प्रकल्प, आणि शहर-ग्रामीण व प्रवर्गाप्रमाणे १५ ते ३५ टक्के अनुदान. चौकशी नांदेड किंवा लातूरच्या जिल्हा उद्योग केंद्रात. अण्णासाहेब पाटील महामंडळाच्या वैयक्तिक योजनेत १५ लाखांपर्यंतच्या कर्जाचे व्याज, साडेचार लाखांच्या मर्यादेत, परत मिळते. आधी पोर्टलवरून पात्रता पत्र, मग बँक. यांपैकी कशालाही दलाल लागत नाही.

बँक यंत्रांना आणि फर्निचरला पैसे देते. फ्रँचायझी फी आणि डिपॉझिट अनेकदा खिशातून घालावे लागते. ते गृहीत धरा. सूक्ष्म-लघु उद्योगाच्या १० लाखांपर्यंतच्या कर्जाला बँकेने तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. शाखेत सातबारा मागितला तर सरकारी कर्जहमी योजनेतून कर्ज द्या असे लेखी सांगा. वडिलांची जमीन फ्रँचायझीसाठी गहाण ठेवू नका.

'तुम्ही फक्त पैसे गुंतवा, दुकान आम्ही चालवू, महिन्याला ठरलेली रक्कम खात्यात' अशी हमी देणाऱ्यापासून लांब राहा. ही अनेकदा फ्रँचायझीच्या वेषातली ठेव योजना असते. परवानगीशिवाय अशा ठेवी घेण्यावर २०१९ च्या कायद्याने बंदी आहे.

तक्रार कुठे आणि किती खर्चात

ऑनलाइन फसवणूक झाली तर लगेच १९३० ला फोन करा. पहिल्या काही तासांत पैसे गोठवता येण्याची शक्यता जास्त असते. मोठी रक्कम असेल तर जिल्हा पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेत जा.

कंपनीशी करारावरून वाद असेल आणि रक्कम ३ लाखांच्या वर असेल, तर तो व्यावसायिक न्यायालयाचा विषय आहे. फ्रँचायझी करार त्या कायद्यात नावाने आहेत. तातडीचा मनाई हुकूम नको असेल, तर आधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मध्यस्थी करावी लागते. तिची फी दावा १० लाखांपर्यंत असेल तर १५,०००, पुढे ५० लाखांपर्यंत ३०,०००; दोन्ही पक्षांत निम्मी-निम्मी.

करारात लवादाचे कलम असेल तर खर्च वाढतो. कायद्याच्या आदर्श दरपत्रकात ५ लाखांपर्यंतच्या दाव्याला लवादाची फी ४५,००० रुपये आहे. २० लाखांच्या दाव्याला ९७,५००. वकील, दिल्ली-बंगळूरच्या फेऱ्या, मुक्काम वेगळा. लवाद एकटी कंपनीच नेमेल, असे कलम असेल तर त्याला हरकत घ्या. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९ च्या पर्किन्स निकालापासून अशी एकतर्फी नेमणूक टिकत नाही.

ग्राहक आयोगात जिल्हा पातळीवर, मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४०० रुपये. मात्र धंद्यासाठी घेतलेली सेवा म्हणून कंपनी हरकत घेते. दुकान तुम्ही स्वतः, उपजीविकेसाठी चालवता हे करारातच लिहिलेले असेल, तर तुमची बाजू भक्कम होते. सल्ल्यासाठी १९१५ हा क्रमांक मोफत आहे.

वेळापत्रक

पहिला आठवडा ट्रेडमार्क आणि एमसीए तपासणीचा. दुसरा आणि तिसरा चालू आणि बंद दुकानदारांना भेटण्याचा. चौथ्या-पाचव्या आठवड्यात वकील आणि सीए मसुदा पाहतील. त्यांची फी संपूर्ण कामाची, आधी ठरवून. सहाव्या आठवड्यात कलमांवर बोलणी. त्यानंतर कर्ज, भाडेकरार, नोंदण्या आणि सजावट, साधारण दीड ते दोन महिने. एकूण तीन-साडेतीन महिने. कोणी तीन आठवड्यांत दुकान उघडून देतो म्हणाला, तर त्याने यातली कोणती पायरी गाळली ते विचारा.

टोकन रक्कम द्यायची वेळ आली की पाच गोष्टी समोर ठेवा: ट्रेडमार्कची छापील प्रत, कंपनीचा ताळेबंद, बंद पडलेल्या दुकानांची यादी, मालकी बदलाची कलमे असलेला अंतिम मसुदा आणि तुमच्या हाताने केलेला दुसरा हिशेब. पाचपैकी एक जरी कमी असेल, तरी त्या दिवशी चेक देऊ नका. फ्रँचायझी पुन्हा मिळेल. गेलेले दहा लाख परत जमवायला तुम्हाला दहा वर्षे लागतील.